उत्तरेच्या खिडकीतलं ऊन

“थोडा तुळशीकडं घ्या. अजून थोडा. हां, बस.”

आशाबाई ओट्याच्या कडेवर उभ्या राहून ओळंब्याची दोरी पाइपाच्या टोकाशी धरून होत्या. खाली अंगणात नत्थुजी अरबट पाइपाच्या बुडाशी लाकडी पाचरी ठोकत होते. पाइप कपडे वाळत घालायच्या दोरीचा. कित्येक वर्षं तो किंचित वाकून उभा होता आणि त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती. पण आज एकवीस जून होता. आज तो सरळ हवा होता.

“चारी बाजूनं पाह्यलं?”

“पाह्यलं वो बाप्पा. देवळाचा कळस बसवून राह्यले का तुमी?”

“सरळ हाये?”

“सरळ हाये. दोरी अन् पाइप वरपासून खालपर्यंत बरोबर.”

नत्थुजींनी शेवटची पाचर ठोकली आणि कंबर धरून उभे राहिले. ओळंबा शेजारच्या बांधकामावरच्या मिस्त्रीकडून मागून आणलेला होता. दुपारी या पाइपाची सावली नाहीशी होणार, आणि ते पाहायला मानकर सरांनी यावं, असं नत्थुजींनी काल संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

नत्थुजी एसटीत होते. अकोल्याच्या स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत. पातूरची गाडी कधी, दर्यापूरची लागली का, अकोटची गेली का, हे विचारायला माणसं आयुष्यभर त्यांच्यासमोर वाकत आली, कारण खिडकी बुटकी होती. त्या खिडकीचा एक रिवाज होता. ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही. तसं म्हटलं की माणूस तिथंच उभा राहतो आणि मागची रांग तुंबते. ‘येऊनच राह्यली, बसा’ म्हटलं की तो समाधानानं बाकावर जाऊन बसतो. गाडी यायची तेव्हा येते.

हा रिवाज घरीही आला. आशाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, आणि लग्न झाल्यापासून त्यांना प्रश्न पडत. समुद्राचं पाणी खारं काहून असते? विमान वर कसं राह्यते? नत्थुजी जेवता जेवता उत्तर देत. काही उत्तरं बरोबर होती, काही तिथल्या तिथं तयार केलेली. दोन्ही एकाच आवाजात दिली जात.

निवृत्तीनंतर लोकांनी विचारणं थांबवलं. गाड्यांच्या वेळा मोबाइलवर आल्या. मुलगा किशोर नाशिकला होता आणि त्याला विचारण्यासारखं काही नव्हतं. विचारणाऱ्या आशाबाई तेवढ्या उरल्या होत्या.

मग जीवन मानकर आले. अमरावतीच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बायको वारल्यावर अकोल्याला मुलीकडे राहायला आलेले. उंच, नीट इस्त्री केलेला शर्ट. संध्याकाळी ते वसाहतीच्या लेआउटमधल्या ओपन स्पेसमध्ये बसत. ही जागा बागेसाठी सोडलेली. बाग काही झाली नाही, बाक मात्र आले होते. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून आशाबाई रोज तिकडे जात. सुरुवातीला नत्थुजी बरोबर गेले, मग बातम्यांची वेळ चुकते म्हणून थांबले.

ती चूक होती, हे त्यांना महिनाभरात कळलं. “सर म्हणतात” हे शब्द घरात आले. पोळी लाटताना सर म्हणतात, कपड्यांच्या घड्या घालताना सर म्हणतात.

“ढगाचं वजन लय असते म्हणतात सर. शंभर हत्तीएवढं.”

“मंग पडत काऊन नाई?” नत्थुजींनी खवचटपणे विचारलं.

“मी बी हेच विचारलं. थे म्हणाले, मला नीट सांगता येणार नाही, उद्या वाचून येतो.”

“मास्तर, अन् सांगता येत नाई?”

“तं काय झालं? दुसऱ्या दिवशी आले नं वाचून.”

त्या ‘आले नं वाचून’मध्ये असं काही होतं की नत्थुजींनी हातातला घास परत ताटात ठेवला.

त्यानंतर ते बघू लागले. आशाबाई संध्याकाळी केस पुन्हा विंचरून जात. जुन्या चपला सोडून बाहेरच्या चपला घालत. आणि एक दिवस लोणच्याची बरणी उघडलेली दिसली. मुरल्याशिवाय बरणीला हात लावायचा नाही हा आशाबाईंचा नियम होता. किशोर सुट्टीत आला तरी त्याला गेल्या वर्षीचंच मिळे. नत्थुजींनी विचारलं तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “सरांच्या पोरीले लोणचं टाकता येत नाई. थोडं दिलं.”

“मुरलं नसन अजून.”

“त्याईले कच्चंच आवडते.”

कोणाला काय आवडतं हे तिला माहीत झालं होतं. नत्थुजी रात्री कूस बदलत राहिले. या वयात असलं काही मनात येणं त्यांना लाजिरवाणं वाटत होतं, आणि येत होतंच.

म्हणून काल ते मुद्दाम ओपन स्पेसमध्ये गेले. बाकावर सर होते, आशाबाई होत्या, आणि पलीकडच्या घरातल्या इंदूबाई मोबाइल हातात धरून बसल्या होत्या.

“सर, उद्या म्हणे रातच होत नाई. व्हाट्सॲपवर आलं हाये.”

“होते, इंदूताई. नेहमीपेक्षा लहान होते, एवढंच. आपल्याकडे उद्याचा दिवस तेरा तासांच्या थोडा वर.”

“अन् अंडं टोकावर उभं राह्यते?”

“ते कोणत्याही दिवशी राहतं. हात थरथरायला नको, एवढीच अट.”

सगळे हसले. आशाबाईही हसल्या, दात दिसतील अशा. नत्थुजींनी ते पाहिलं. घरी त्या तोंडाला पदर लावून हसत.

“उद्या वर्षाचा सगळ्यात गरम दिवस,” नत्थुजी म्हणाले. आवाज आपोआप खिडकीतला झाला. “सूर्य सगळ्यात जवळ येते उद्या.”

सरांनी त्यांच्याकडे आदरानं पाहिलं, आणि तेच नत्थुजींना खुपलं.

“जवळ नाही येत, नत्थुजी. उलट जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून वर्षातली सगळ्यात लांब असते. आणि गरमीचं म्हणाल तर ते अकोल्यानं कोणाकडून शिकावं? मे महिन्यात काय हाल झाले आपले.”

“पंखा निस्त्या वाफा फेके,” इंदूबाई म्हणाल्या.

“आणि आता बघा, दिवस तेव्हापेक्षा मोठा आहे, पण ढग आलेत, हवेत ओल आहे. मोठा दिवस म्हणजे गरम दिवस, असं नसतं.”

“बरं, थे जाऊ द्या,” नत्थुजी म्हणाले. “सावली तं जाते नं? एकवीस जूनले सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली. आमी शाळेत शिकलो हाओत हे.”

“डोक्यावर खरा. पण कर्कवृत्तावरच्या लोकांच्या. ते आपल्याकडून जात नाही.” सर जरा थांबले. मग त्यांचा चेहरा उजळला. “तुम्ही एसटीत होता ना? मग असं धरा. सूर्य म्हणजे उत्तरेकडे निघालेली गाडी. तिचा शेवटचा थांबा तिकडे मध्य प्रदेशात, उज्जैनच्या जरा वर. अकोला हा वाटेतला थांबा. गाडी मे महिन्यातच आपल्यावरून पुढं गेली. त्या दिवशी आपली सावली पायाखाली होती, कुणी पाहिली नाही. उद्या गाडी शेवटच्या थांब्यावर पोचते, वळते, आणि जुलैत परत आपल्यावरून जाते. म्हणून उद्या दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला, आणि सावली दक्षिणेला.”

“मा माय!” आशाबाई म्हणाल्या. “म्हणजे जाताना एक डाव अन् येताना एक डाव.”

“अगदी.”

“म्हणून माह्या सैपाकघरात उत्तरेकून ऊन येते!”

“यांनीच विचारलं होतं मला,” सर कौतुकानं नत्थुजींना सांगू लागले. “की उन्हाळ्यात सकाळी उत्तरेच्या खिडकीतून ऊन कसं काय येतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नाही मला हे.”

नत्थुजींनी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. गाडी त्यांची होती. थांबे त्यांचे होते. त्यांच्या आयुष्यातल्या गाडीत बसवून हा माणूस त्यांच्या बायकोला फिरवून आणत होता. आणि त्या खिडकीचा प्रश्नही त्यांचाच होता. नव्या घरात आल्या वर्षी आशाबाईंनी तो त्यांना विचारला होता, आणि त्यांनी उत्तर दिलेलं होतं.

“पाइप हाये आमच्या अंगणात,” ते मोठ्यानं म्हणाले. “उद्या दुपारी या सर. तुमची सावली दक्षिणेले का जाते, पाहूच. इंदूबाई, तुमी बी या.”

“येतो की,” सर म्हणाले. “चुकत असेन तर तेही कळेल.”

परत येताना नत्थुजी पुढे चालत होते.

“लय हसत होती तू.”

“हसण्यासारखं बोलत होते थे.”

“माह्या बोलण्यावर नाई हसत कधी.”

“तुमी हसण्यासारखं बोलता कुठं?” आशाबाई म्हणाल्या, आणि या बोलण्याचा राग धरावा की नाही हे नत्थुजींना घर येईपर्यंत ठरवता आलं नाही.

*

बारा वाजले तेव्हा आभाळात ढगांचे मोठे तुकडे होते आणि मधे मधे ऊन पडत होतं. पाइपाची सावली अंगणात होती. आखूड होती, पण होती.

“अजून टाइम हाये,” नत्थुजी म्हणाले.

“हो, आहे,” सर म्हणाले. ते छत्री घेऊन आले होते आणि ती मिटून ओट्याला टेकवून ठेवली होती. “घड्याळ सगळ्या देशाचं एक, सूर्य मात्र प्रत्येक गावाचा आपला. अकोल्याची खरी दुपार साडेबाराच्या जरा आधी.”

इंदूबाईंनी फाटकाबाहेरूनच विचारलं, “गेली का सावली?” आणि आत येऊन ओट्यावर बसल्या. आशाबाईंनी सगळ्यांना कैरीचं पन्हं दिलं. सरांना दिलेला पेला काचेचा होता. इंदूबाईंचाही काचेचा होता, हे नत्थुजींनी नंतर पाहिलं.

सावली आक्रसत होती. आधी तिचं टोक पश्चिमेच्या भिंतीकडे होतं, आणि आता ते हळूहळू फाटकाकडे वळत होतं. फाटक दक्षिणेला होतं. नत्थुजींना हे दिसत होतं. हिवाळ्यात याच पाइपाची सावली दुपारी ओट्यावर चढते, तिच्यातून वाळवण सरकवत न्यावं लागतं, हे त्यांना माहीत होतं. पण ही सावली उन्हाळ्यात कुठं जाते, याकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सकाळपासून ते ऊन पडावं म्हणून आभाळाकडे पाहत होते. आता ते ढगाकडे पाहू लागले. पूर्वेकडून एक मोठा काळा ढग येत होता. तो आला तर सगळे पन्हं पिऊन घरी जातील, आणि काहीच ठरलेलं नसेल.

ढग आला. अंगण झाकोळलं.

“चाला, गेली सावली!” इंदूबाई टाळी वाजवून म्हणाल्या. “जिंकले भाऊ!”

कुणीतरी हसायला हवं म्हणून सर हसले. नत्थुजीही हसले. आशाबाई हसल्या नाहीत. त्या ओट्याच्या कडेला बसून, हनुवटी हातावर टेकवून, सिमेंटच्या त्या रिकाम्या जागेकडे पाहत होत्या.

ढग सरकला. ऊन एकदम, पांढरं, डोळ्यांवर आलं. आणि पाइपाच्या बुडाशी सावली होती. हाताच्या पंजाएवढी, काळी, ठसठशीत. टोक सरळ फाटकाकडे.

सरांनी पेल्यात पाहिलं आणि उरलेलं पन्हं पिऊन टाकलं. इंदूबाईंनी एकदा सावलीकडे, एकदा नत्थुजींकडे पाहिलं.

“खांबच तिरपा असन,” आशाबाई म्हणाल्या.

नत्थुजींनी मान वर केली.

“कपड्याच्या वजनानं वाकला हाये थो,” त्या इंदूबाईंना सांगत होत्या, घाईघाईनं, पदर सारखा करत. “लय दिवसाचा वाकला. त्याचा काय भरवसा? तिरप्या खांबाची सावली कुठंबी पडन.”

“असंल बाप्पा,” इंदूबाई म्हणाल्या.

“शक्य आहे,” सर म्हणाले. इतकं सौम्यपणे की नत्थुजींच्या कानांत ऊन भरलं.

सकाळी दोरी तिनं धरली होती. चारी बाजूंनी तिनं पाहिलं होतं. सरळ हाये, तिनंच म्हटलं होतं. ती हे सगळं विसरलेली नव्हती. सरांच्या देखत ती नत्थुजींना बसायला पाट देत होती, आणि त्यांनी नुसतं बसायचं होतं.

“खांब सरळ हाये,” नत्थुजी म्हणाले. आवाज खिडकीतला नव्हता. इंदूबाईंना तो नीट ऐकूही आला नाही. म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. “सरळ हाये खांब. मी सकाळी ओळंबा लावला. सर बरोबर सांगत होते.”

सर उठले. त्यांनी नत्थुजींचा हात हातात घेतला, काही म्हणणार होते, मग नुसतंच “येतो” म्हणाले. फाटकापाशी जाऊन परत आले, कारण छत्री राहिली होती. छत्री आशाबाईंनी दिली. ती देताना त्यांनी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलंदेखील नाही. त्यांची नजर मागं, पाइपाच्या बुडाशी होती. नत्थुजींनी हे पाहिलं. महिनाभर ते ज्या नजरेची राखण करत होते, ती ही नजर होती. ती सरांवर नव्हती. बहुतेक कधीच नव्हती.

त्यामुळे सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

इंदूबाईही गेल्या. आशाबाई ओट्यावरून उतरून पाइपाजवळ गेल्या. पोळ्या लाटायला जाण्याची वेळ झाली होती, पण त्या उभ्याच राहिल्या.

“खिडकीतल्या उन्हाचं मी तुले काय सांगतलं होतं?” नत्थुजींनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

“समोरच्या पाण्याच्या टाकीवर पडून परतते म्हणे. टाकी पत्र्याची हाये म्हणून.”

“टाकी तं पाडली.”

“पाडली नं. पिंकीच्या लग्नाच्या आधीच पाडली.” पिंकी ही इंदूबाईंची मुलगी; तिची पोरं आता शाळेत जात होती. “तरी बी येतच राह्यलं ऊन.”

“मंग पुन्हा काऊन नाई विचारलं मले?”

आशाबाईंनी वाकून सावलीच्या टोकापाशी बोट टेकवलं. बोटाच्या एका बाजूला सावली, दुसऱ्या बाजूला ऊन.

“काय विचारायचं? तुमी काहीतरी सांगतलंच असतं.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या बोट तसंच धरून होत्या. “तुमी डूटीवरून येत तं तोंड उघडत नव्हते. दिवसभर लोकायशी बोलून दमून जात. एखादी गोष्ट विचारली की बोलत. जेवण होईपर्यंत बोलत. म्हणून विचारो मी.”

“म्हणजे तुले थे समुद्राचं, इमानाचं...”

“थे बी होतंच. पण आधी तुमचं बोलणं.”

“अन् आता सरांले विचारतं थे?”

“आता मले खरंच जाणून घ्यायचं राह्यते,” आशाबाई म्हणाल्या. मग एकदम, “पाहा, पाहा! सरकली. इकडं आली, तुळशीकडं.”

सावलीचं टोक त्यांच्या बोटाखालून निसटलं होतं. आता ते फाटक सोडून पूर्वेकडे निघालं होतं. सावली नाहीशी न होता, सगळ्यात आखूड होऊन, पुन्हा वाढायला लागली होती. आशाबाई वाकलेल्याच राहिल्या. दुसरं बोट नव्या टोकापाशी टेकवून त्या वाट पाहू लागल्या.

नत्थुजी ओट्यावर बसून राहिले. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. अंगणातलं सिमेंट आता इतकं तापलं होतं की ओट्यापर्यंत झळ येत होती. आशाबाई अनवाणी होत्या. त्या एक पाऊल उचलून दुसऱ्यावर ठेवत, मग ते उचलून पहिल्यावर, पण जागा सोडत नव्हत्या.

नत्थुजी उठले. दारामागून त्यांनी आशाबाईंच्या चपला आणल्या, बाहेरच्या, आणि वाकून त्यांच्या पायांशी ठेवल्या, सावलीवर पडणार नाहीत अशा बेतानं.

आशाबाईंनी पायांकडे न बघताच त्यात पाय सरकवले.